धायरीच्या रिकाम्या फ्लॅटचा हप्ता: दुसऱ्या घराला काही सवलत मिळते का?

शाहूपुरीकर (सातारा)
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. राहतं घर शाहूपुरीत, वडिलांनी बांधलेलं, त्यावर कर्ज नाही. पोरगं पुण्यात शिकेल म्हणून 2021 ला धायरीत वन बीएचके घेतला. पोरगं गेलं बंगळुरूला! मग फ्लॅट 13,500 भाड्यानं दिला. कर्ज एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं. बाकी साडेबावीस लाख, व्याज 9.4 टक्के, हप्ता 23,800. आता भाडेकरू सोडून गेलाय. एजंट नुसतीच माणसं दाखवून नेतोय, मेंटेनन्स मात्र चालूच. 2020 ला कोरोनात होती तशी हप्ते थांबवायची काही सोय आहे का? आणि दुसऱ्या घराला करात काहीच मिळत नाही म्हणतात, ते खरं का?

गावभागवाला
सर, हप्ते थांबवायच्या नादी लागू नका. 2019 च्या पुरात इथं सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आमच्या भाड्याच्या खोल्या माळ्यापर्यंत बुडाल्या. भाडेकरू जे गेले ते परत आलेच नाहीत. बँकेनं हप्ते पुढं ढकलले, पण व्याज चढतच राहिलं आणि मुदत वाढली. त्या वेळी इलाज नव्हता. तुमचं तसं नाही.

माजी बँकवाला (विश्रामबाग)
गुरुजी, 2020 ची सवलत 1 मार्च ते 31 ऑगस्टपर्यंतची होती. तिला पहिलं घर, दुसरं घर असा भेद नव्हता. आज तशी सरसकट सोय नाही.

करात काहीच मिळत नाही हे खोटं. तुमचाच हिशोब घ्या. वर्षभराचं भाडं 1,62,000. घरपट्टी 7,000 भरली असं धरू, उरले 1,55,000. त्यातून 30 टक्के सरसकट वजावट, राहिले 1,08,500. व्याज साधारण 2,08,000. म्हणजे 99,500 तोटा. जुन्या करपद्धतीत तो पगारातून वजा होतो, वर्षाला 2 लाखांपर्यंत. नव्या पद्धतीत भाड्याचं उत्पन्न शून्यावर येतं, पण उरलेला तोटा पगाराला लावता येत नाही. काही महिने फ्लॅट रिकामा राहिला तर जेवढं भाडं हातात आलं तेवढंच धरतात.

पण खरं सांगू? तुमचा पगार 12,75,000 च्या आत असेल तर नव्या पद्धतीत कर तसाही शून्य. मग हा तोटा घेऊन करायचंय काय? तुमचा पैसा जातोय तो व्याजदरात.

2025 मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना पैसे देते तो दर, 6.50 टक्क्यांवरून 5.25 वर आला. बँकांची ऑक्टोबर 2019 नंतरची फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाची, गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक रेपोलाच, बांधलेली असतात, त्यामुळं त्यांचे दर खाली आले. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना तो नियम नाही. त्यांचा आपला स्वतःचा दर, आणि जुन्या गिऱ्हाइकाला आपणहून कोण कमी करतंय! शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, नव्या गिऱ्हाइकाचा दर मागा. थोडी फी घेऊन बदलून देतात. 8 टक्के झालं तर उरलेल्या मुदतीत हप्ता 1,800 च्या आसपास कमी होईल. नाही म्हणाले तर कर्ज दुसऱ्या बँकेत न्या. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड नाही.

शाहूपुरीकर
पगार आतच आहे हो साहेब. म्हणजे मी उगाच वजावटीच्या पावत्या गोळा करत बसलोय. मागं फोन केला तर पोरगी म्हणाली, "सर, तुमचा दर बरोबर आहे." बरोबर म्हणजे काय, कुणास ठाऊक.

माजी बँकवाला
फोनवर तसंच म्हणतात. अर्ज द्या आणि पोच घ्या, शिक्का मारलेली. दुसरीकडं न्यायचं झालं तर प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीची कागदपत्रं तपासल्याचा), गहाणाची स्टॅम्प ड्युटी असा खर्च परत येतो, तो आधी मांडायचा. आणि गुरुजी, एजंटाला 12,500 ला द्यायला सांगा. 13,500 साठी दोन महिने रिकामा ठेवलात तर 25,000 गेले, ते महिना हजार रुपयांनी भरून यायला दोन वर्षांच्या वर लागतील.

गावभागवाला
दर बदलायची फी किती सांगतात ते इथं टाका सर. माझ्या मेव्हण्याचंही तसल्याच कंपनीचं कर्ज आहे, कुपवाडच्या गाळ्याशेजारच्या घरावर.