सेवेने मन थाऱ्यावर आलं, असे अनुभव सांगा

नौपाड्याची_मोगरा
परवा सोसायटीच्या ग्रुपवर पत्रक आलं. क्लबहाऊसमध्ये दोन दिवसांचं मनःशांती शिबिर, माणशी साडेचार हजार, आणि खाली टीप: पांढरे कपडे घालून यावे, फोटो छान येतात. ते वाचलं आणि आईची पेज आठवली.

बाबा गेल्यावर आईची झोप उडाली होती. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच. त्यातच ती सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पेज घेऊन जायला लागली. तांदूळ कोरडे भाजून जाडसर भरडायचे, जिरं, मीठ, आणि उतरवल्यावर चमचाभर तूप. स्टीलची मोठी किटली टॉवेलात गुंडाळून रिक्षात मांडीवर घेऊन बसायची. वॉर्डात शहापूर-मुरबाडकडची माणसं, सोबतीला एखादंच कुणी. सिस्टरला विचारल्याशिवाय कुणाच्या वाटीत घालायची नाही, पथ्य असतं ना. मग गाव विचारायची, पाऊस कसा आहे, गुरं कुणाकडे ठेवून आलात. घरी आली की जेवून गाढ झोपायची. त्या दिवसांतला तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

योग-ध्यानाला माझा विरोध नाही, मी स्वतः करते. पण लोकांना दाखवायला केलेली शांती मला पटत नाही. ज्यांनी कुणाचं काही केलं आणि त्यातून स्वतः सावरले, त्यांनी लिहा ना.

सानपाडा_फास्ट
मी अकरावीत असताना बारावीच्या एका दृष्टिहीन ताईची लेखनिक होते. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास. ती सांगेल तेच लिहायचं, आपल्याला काय वाटतं ते तोंडातून काढायचं नाही. ती स्वल्पविरामसुद्धा सांगायची! मला तेव्हा परीक्षेच्या भीतीने रात्री धडधडायचं. त्या चार तासांत स्वतःचा विचार एकदाही आला नाही. बाहेर आल्यावर तिने माझी बोटं दाबून दिली.

कळवा_पूर्व
मे महिन्यात रक्त द्या लोकहो. कॉलेजं बंद, निम्मं ठाणं गावी, शिबिरं कमी. थॅलेसेमियाच्या (रक्ताचा जन्मजात आजार) पोरांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना कुठली सुट्टी? प्लेटलेट तर पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. पुरुषांना तीन महिन्यांनी परत देता येतं, बायकांना चार.

वाशीची_माहेरवाशीण
@कळवा मला द्यायचंय हो, पण हिमोग्लोबिन १२.५ लागतं आणि माझं कमी भरतं, परत पाठवतात 😔 फार वाईट वाटतं.

कळवा_पूर्व
वाईट नका वाटून घेऊ. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली असेल तर चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. आणि शिबिरात नोंदणीच्या टेबलावर माणसं कायम कमी पडतात, तिथे या.

वाशीची_माहेरवाशीण
अरे हे चालेल की! मोगराताई, पेजेला पाणी किती? लेकाला ताप आहे, कुकर लावायच्या आधी सांगा.

नौपाड्याची_मोगरा
वाटीभर कण्यांना आठ वाट्या तरी. उघड्या पातेल्यात कर, ढवळत राहा. काळजी घे गं पिल्लाची.

ऐरोली_खाडीकाठ
आम्ही काही जण वनखात्याच्या परवानगीने खाडीकाठी तिवरांत सफाईला जातो. २०१५ ला इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ ला ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, पण भरतीबरोबर येणारं प्लास्टिक थांबलेलं नाही. ओहोटीची वेळ बघून उतरायचं. तिवरांची मुळं चिखलातून वर येतात, त्यांवाटे झाड श्वास घेतं. पिशव्या नेमक्या तिथेच गुंडाळतात. ओढली तर मूळ तुटतं, म्हणून कात्रीने थोडी थोडी कापून सोडवायची. एकेका मुळाशी खूप वेळ जातो. नोकरी गेली तेव्हा मला या कात्रीने तारलं, मी खरंच सांगतोय.

एकदा एक मोठा गट आला होता, एकसारखे टी-शर्ट, फलक, ‘निसर्गोपचार’ म्हणून. फोटो झाले, गाडीत बसले, पाण्याच्या बाटल्या तिथेच. त्यांच्यातली एक मुलगी मात्र मागे थांबली. कात्री मागितली. आता ती आमच्याआधी हजर असते.

दिघा_दिनेश
फ्लेमिंगो आहेत का अजून? पोरांना दाखवायचेत.

ऐरोली_खाडीकाठ
साधारण नोव्हेंबर ते मे. बोट भरतीच्या वेळेनुसार सुटते, आधी चौकशी करून या.

महापे_शिफ्ट
ऑफिसात पावलं मोजायची स्पर्धा असते, रोज ग्रुपवर आकडे टाकायचे. मी त्यातून बाहेर पडलो. शेजारच्या काकांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, मुलगा परदेशात. एका वारी सुट्टी घेऊन मी नेतो. मशीनवर चार तास. काका मला बुद्धिबळ शिकवतायत. बाकी घरी पोचून लिहितो, ठाणे आलं.

कोपरखैरणे_सुमन
मला थोडं वेगळं बोलायचंय, राग मानू नका. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. सकाळपासून कूस बदलणं, पुसणं, भरवणं. मला सेवेचं महत्त्व नका सांगू, मला तासभर दार लावून बसायला मिळू दे. माझा योगवर्ग सुटलाय तो त्यामुळेच. तिथे मी फोटो काढायला जात नव्हते.

सानपाडा_फास्ट
सुमनताई ❤️ माझ्या आईने आजीचं असंच केलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी घेतली होती, तुमच्याकडे आहे का? आमची पडून आहे, देते.

नौपाड्याची_मोगरा
सुमनताई, राग कशाचा? तुम्ही वर्गाला जायलाच हवं. सेवा करणाऱ्याजवळ कुणीतरी बसायला हवं, हे मी वर लिहायला हवं होतं. तुमचा वर्ग कुठल्या वारी असतो? मी येऊन बसेन सासूबाईंजवळ.

कोपरखैरणे_सुमन
खरंच याल? मंगळवार-शुक्रवार, चार ते पाच. गादी नाहीये, हवी आहे.

सानपाडा_फास्ट
शुक्रवारी कॉलेज लवकर सुटतं. गादी मी तेव्हा घेऊन येते, पंपासकट.

नौपाड्याची_मोगरा
मग मंगळवार माझा. पत्ता इथे टाकू नका, निरोपात पाठवा.