अनुभव धागा : फोटोत कोण, आणि मागे काय?

गणपतीआधी माळा आवरायला काढला की फोटोंची पेटी खाली येते आणि आवराआवर तशीच राहते. तुमच्या घरच्या जुन्या फोटोंबद्दल लिहा. फक्त ‘ही आजी, हे आजोबा’ एवढ्यावर सोडू नका. मागची भिंत, अंगावरचे दागिने, पाठीमागचा स्टुडिओचा शिक्का, सगळं येऊ द्या.

दादरकर : दादर टीटीला, म्हणजे ट्राम टर्मिनसला, आजोबा उभे, कडेवर आत्या, मागे ट्राम. फोटो ६१चा की ६५चा यावर घरात वाद. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला बोरीबंदरहून दादरला आली, त्यामुळे ६५वाले गप्प. आत्या ५९ची, फोटोत जेमतेम दोन वर्षांची. बाकी हिशोब तुम्हीच करा.

लालबागची लेक : बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. दर गणपतीला आमचा सगळ्यांचा एक फोटो ठरलेला. ८१च्या फोटोत आईच्या हातात पाटल्या आहेत आणि मी नव्या फ्रॉकमध्ये. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या गणपतीचा फोटोच नाही. पुढचा थेट ८५चा, तोही मावसभावाच्या लग्नातला, त्यांनीच दिलेला. आईच्या हातात नुसता हिरवा चुडा. माझा फ्रॉक धाकटीच्या अंगावर, खालची दुमड उसवून लांब केलेला. उसवल्याची रेघ फोटोतही दिसते. पाटल्यांचं काय झालं ते आई कधी बोलली नाही, आणि आम्हाला विचारायचा धीर झाला नाही.

परळचा पाहुणा : ताई, आमच्याही अल्बममध्ये तेव्हाची पानं कोरी. वडील गावी शेतीला गेले ते परत आलेच नाहीत मुंबईत.

कोटवाला : आमचं जरा हलकं. आजोबांचा एकुलता एक रुबाबदार फोटो, कोट स्टुडिओचा! बाह्या पार बोटांपर्यंत आल्यात. चपला मात्र स्वतःच्या.

कलिनाकर : २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस, आमचा तळमजला. अल्बम दोन दिवस पाण्यात. एकमेकांना चिकटलेले फोटो आम्ही तसेच वाळू दिले नाहीत, स्वच्छ पाण्यात ठेवून हळूहळू सुटे केले आणि पंख्याखाली पसरले. निम्मे वाचले. काही फोटोंच्या निगेटिव्ह माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात होत्या, त्या कोरड्या ठणठणीत. निगेटिव्ह टाकू नका हो, लोक सर्रास टाकतात.

वरळीकर : आमची बीडीडी चाळीतली खोली पाडली, पण खोलीचा म्हणून एकही फोटो नाही. कोण काढतो खोलीचा फोटो? आता शेजाऱ्यांच्या साखरपुड्या-बारशांचे फोटो मागून घेतोय. त्यांच्या पाहुण्यांच्या खांद्यामागे आमची मोरी दिसते, फळीवरची पितळी भांडी दिसतात, एकात तर शटरचा टीव्ही अर्धा आलाय. दारासमोरची भिंत अजून कुठेच सापडली नाही. कोणाकडे आमच्या मजल्यावरच्या कार्यक्रमाचे फोटो असतील तर पाठवा. नवरानवरी धूसर असली तरी चालतील.