मदत हवी आहे: २८ गुण जुळले, पण नाडीवर अडलंय

सांगलीच्या गणपती मंदिराबाहेर ती एक कोल्हापुरी स्वतःची नि एक माझी घालून निघाली होती. तिथून ओळख. योगायोग म्हणा, ऋणानुबंध म्हणा.

आता आजोबांनी पत्रिका काढल्यात. ३६ पैकी २८ गुण, पण दोघांची अंत्य नाडी, म्हणजे नाडीचे ८ पैकी शून्य. दोघंही रेवतीचे, माझा चरण दुसरा, तिचा चौथा. नक्षत्र एक पण चरण वेगळे असतील तर दोष धरत नाहीत, असं गुरुजी फोनवर म्हणाले. आजोबांना मात्र छापील हवंय (मोबाईलवरचं नको!). रक्तगटाचं वगैरे समजावून झालं. पळून जायचं नाही, पत्रिकाही बदलायची नाही. हा परिहार स्पष्ट छापलेलं पंचांग किंवा पुस्तक कोणतं, आणि सांगली-मिरजेत कुठं मिळेल?