खान्देशातली परसबाग : काय पिकलं, काय गेलं? अनुभव सांगा

परसबागेविषयी वाचायला मिळतं ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या हवेला धरून. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, गच्चीचा स्लॅब रात्रीही तापलेला असतो. तिथे ते वेळापत्रक चालत नाही. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मंडळींनी आपापले अनुभव लिहावेत ही विनंती. बी कधी टाकलं, पाणी किती दिवसांनी येतं, हेही सांगा. भाजी हाती लागली नसेल तर आवर्जून लिहा, पुढच्याला त्याचाच जास्त उपयोग.

सुरुवात मी करते. जळगाव, गच्ची. उन्हाळ्यात टोमॅटोची झाडं हिरवीगार, फुलं भरपूर, पण फळ धरेना. फूल देठाशी पिवळं पडून गळायचं. दिवसा ३५च्या वर तापमान आणि रात्रीही गारवा नाही, अशा हवेत परागकणच निकामी होतात, खत घालून काही होत नाही. आता रोपं ऑगस्टमध्ये तयार करते, दिवाळीनंतर तोडा सुरू होतो. तरी एका हिवाळ्यात फळांचे बूड काळे पडले. पाणी दिवसाआड, त्यामुळे कुंडी कधी चिंब तर कधी कोरडी, आणि मुळांकडून फळापर्यंत कॅल्शियम नीट पोचत नव्हतं. केळीची वाळलेली पानं बुडाशी जाड अंथरली, ओल टिकू लागली. पुढची फळं चांगली आली.

यावल तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे परसात भरताची वांगी नाहीत असं होत नाही. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण शेंडा आणि फळ पोखरणारी अळी फार छळते. सकाळी पाणी घालूनही एखादा शेंडा मान टाकून असला की समजायचं, अळी आत शिरली. शेंडा उभा चिरला की आत गुलाबीसर अळी दिसते, मागे भुश्यासारखी विष्ठा. असे शेंडे रोज खुडून साबणाच्या पाण्यात बुडवायचे. किडकी वांगी कंपोस्टमध्ये टाकायची नाहीत. कामगंध सापळाही लावतो, त्यातल्या मादीच्या वासाला भुलून या अळीचे नर पतंग अडकतात. इतकं करूनही काही फळं जातातच. मात्र उरलेली पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजून, ठेचलेली हिरवी मिरची-लसूण आणि कांद्याची पात घालून भरीत केलं, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, की सगळ्या मेहनतीचं चीज होतं.

धुळे. भाऊंचं वांग्याचं पटलं, माझा जीव मात्र वेलांवर. दोडक्याला फुलं खूप, दोडके नाहीत, अशी तक्रार पुष्कळांची असते. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, गिलक्याचं (घोसाळ्याचं) पहाटे. गच्चीवर त्या वेळी कीटक आले नाहीत तर परागीभवन आपणच करायचं. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं इवलं फळ असतं, नराच्या मागे नुसता देठ. नर फूल तोडून पाकळ्या मागे वळवायच्या आणि पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. संध्याकाळचा स्वयंपाक मागे पडला तरी चालेल, ही वेळ चुकवू नका. यानंतर फळमाशी. कोवळ्या फळाला डंख मारून सालीखाली अंडी घालते, फळ तिथेच वाकडं होऊन सडतं. फळ धरलं की लगेच जुन्या सुती कापडाची पिशवी चढवते. माझे चांगले दोडके या पिशव्यांमुळेच वाचले.

नंदुरबार. मिरचीचं गाव, आणि माझ्याच मिरच्या चुरडा-मुरडाने गेल्या. पानं वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी ही बारीक कीड. माझ्याकडे दोन्ही होतं. निंबोळी अर्क मारला, पण उशीर झाला होता. फुलांवर आलेली रोपं उपटताना फार वाईट वाटलं.

भुसावळ. आमच्याकडे पाण्याचे दिवस लांबतात, म्हणून ड्रम भरून ठेवतो आणि त्यावर जमेल तेवढंच लावतो. उन्हाळ्यात गवार, चवळी आणि भेंडी तग धरतात. भेंडीच्या शिरा पिवळ्या दिसल्या की ते झाड लगेच काढतो, नाहीतर पांढरी माशी तो रोग शेजारच्या झाडांवर नेते. पोकळा हिरव्या जाळीखाली, पावसाळ्यात अंबाडी. धुळ्याच्या ताईंना विचारायचं होतं : गिलक्याचा वेल मे महिन्यात जाळीखाली जगतो का? आमचा दरवर्षी एप्रिलअखेर करपतो, आणि घरात गिलक्याची भाजी सगळ्यांना हवी असते.