विहिरीतले पांढरे किडे गेले कुठे?

गिरगावची वाडी: आमच्या विहिरीचं पाणी गाळलं की फडक्यावर कणीएवढे पांढरे, बिनडोळ्यांचे किडे वळवळायचे. शेजारचं गटार फुटल्यापासून एकही नाही. म्हणजे पाणी सुधारलं का हो?

खेकडेवाला: उलट! ते कोळंबीचे चुलतभाऊ. खडकाच्या भेगांत, अंधारात राहतात, म्हणून ना डोळे ना रंग. मैला कुजताना जिवाणू प्राणवायू संपवतात, हे गुदमरतात. पिल्लंही मोजकीच, गेले की लवकर भरून येत नाहीत.

दहिसरकर: आमच्या दहिसर नदीचंही तेच. वर बोरिवलीच्या नॅशनल पार्कात दगडाखालची वाळू मोकळी, तिच्या फटींत असे किडे राहतात. पुढे वस्तीत तबेल्यांच्या शेणाने त्या फटी पार लिंपल्यात. राहणार कुठे बिचारे?

खेकडेवाला: आणि पाण्यात मैल्यातले जिवाणू आहेत का, ती ई-कोलायची चाचणी करा आधी.

गिरगावची वाडी: करतो. आई मात्र खूश, "गेली एकदाची पीडा!"