जमिनीची मालकी आणि माणसाचे स्वातंत्र्य: दोन्ही एकत्र कितपत नांदतात?

प्रश्न

गेले काही दिवस हा प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून येथे मांडतो. मी स्वतः लाकूड तासून केलेली खुर्ची माझी आहे, हे कोणी पटवून द्यावे लागत नाही. तिच्यात माझे श्रम आहेत, आणि ती माझ्याकडे असल्यामुळे दुसऱ्या कोणाला आपली खुर्ची करण्यास आडकाठी होत नाही. जमिनीचे तसे नाही. ती कोणी निर्माण केलेली नाही, समुद्र हटवून मिळवलेला थोडाफार भाग सोडला तर ती वाढतही नाही, आणि मी एका तुकड्याला कुंपण घातले की तेथे उरलेल्या सर्वांचे पाऊल अडते.

चारी बाजूंनी इतरांच्या जमिनींनी वेढलेला एखादा तुकडा डोळ्यांसमोर आणा. कागदोपत्री त्याचा मालक पूर्ण मालक असतो, पण शेजाऱ्याने वाट दिली नाही तर त्याला स्वतःच्या जमिनीपर्यंत पोचताही येत नाही. आता त्याच्या जागी असा माणूस आणा, ज्याच्याकडे तेवढाही तुकडा नाही. सगळी जमीन वाटली गेली असेल, तर तो कोठेही उभा राहिला तरी कोणाच्या तरी मर्जीनेच उभा असतो. हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८५१ मध्ये हाच आक्षेप घेतला होता, आणि ते तर व्यक्तिस्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते. उतारवयात त्यांनी ही भूमिका सोडली, पण त्यामुळे आक्षेपाला उत्तर मिळाले असे मला वाटत नाही. स्वातंत्र्याला सर्वांत वरचे स्थान देणाऱ्याने जमिनीच्या खासगी मालकीचे समर्थन नेमके कशाच्या आधारावर करावे?

पहिला प्रतिसाद

आपण प्रश्न उगमाकडून मांडला आहे, आणि उगमाकडून पाहिले तर मालकीची बाजू लंगडी पडते, हे मी आधीच मान्य करतो. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकात दिलेले उत्तर असे, की माणूस आपल्या देहाचा आणि श्रमांचा धनी आहे, म्हणून त्याने पडीक जमीन कसली की ती त्याची होते. मात्र इतरांसाठी पुरेशी आणि तितकीच चांगली जमीन उरली पाहिजे, ही अटही त्यांनीच घातली होती, आणि ती आता पाळता येण्यासारखी राहिलेली नाही.

मला मालकीचे खरे समर्थन दुसरीकडे दिसते. मालकीचा हक्कच ज्याला नाही, त्याचे काय होते ते पाहावे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकातही सर्वसाधारण कायद्यानुसार लग्नाबरोबर स्त्रीची जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे आणि तिच्या जमिनीचे उत्पन्नही त्याच्याच हाती जात असे. १८७० च्या कायद्याने तिची कमाई तिची झाली, आणि १८८२ च्या कायद्याने तिला स्वतःच्या नावावर मालमत्ता बाळगण्याचा हक्क मिळाला. त्याआधी छळ करणाऱ्या नवऱ्याचे घर सोडायचे म्हटले, तर तिने कोठे आणि कशाच्या बळावर जायचे? आपल्या हक्काचे छप्पर असेल तरच माणसाला ‘नाही’ म्हणता येते.

सत्तेसमोरही हेच खरे आहे. अमेरिकेतील न्यू लंडन शहराने विकासासाठी लोकांची राहती घरे संपादित केली, आणि २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते संपादन वैध ठरवले. घरे गेली, योजलेला प्रकल्प उभा राहिला नाही आणि ती जागा अनेक वर्षे ओसाड पडून राहिली. मोबदला दिला गेला हे खरे, परंतु तो घेऊन निघून जाण्याची सक्ती झालेल्या माणसाला स्वतंत्र कसे म्हणावे?

दुसरा प्रतिसाद

वरच्या दोन्ही लेखनांत मालकी ही एकसंध वस्तू धरली आहे, आणि माझ्या मते घोटाळा तेथेच आहे. जमिनीची मालकी म्हणजे हक्कांची जुडी असते. राहण्याचा, कसण्याचा, गहाण टाकण्याचा, विकण्याचा, वारसांना देण्याचा आणि इतरांना आत येऊ न देण्याचा, असे अनेक हक्क तिच्यात एकत्र बांधलेले असतात, आणि त्यांतला एखादा काढून घेतला म्हणून जुडी नाहीशी होत नाही.

जमीन ज्याची त्याचे वर आकाशापर्यंत आणि खाली पाताळापर्यंत सारे काही, असा एक जुना दंडक होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील एका कुक्कुटपालकाच्या जमिनीवरून लष्करी विमाने अवघ्या ८३ फुटांवरून जाऊ लागली. त्यांच्या आवाजाने बिथरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत, कधी एकाच दिवशी सहा ते दहा. शेवटी तो धंदाच बंद पडला. १९४६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो जुना दंडक आधुनिक जगात लागू होत नाही असे स्पष्ट सांगितले, आणि त्याच निकालात, इतक्या खालून उडून जमीन निरुपयोगी करणे म्हणजे तिचा भाग घेणेच होय, म्हणून सरकारने भरपाई द्यावी, असेही म्हटले. उंच आकाश सर्वांचे झाले, छपरालगतचे मालकाकडे राहिले. मला हा निकाल फार समंजस वाटतो.

धागाकर्त्यांच्या भूमिहीन माणसाकडे याच दृष्टीने पाहावे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने घराभोवतीचा परिसर, उभे पीक अशा जागा वगळून बहुतेक जमिनीवरून जबाबदारीने जाण्या-येण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. मालकाला जमीन विकता येते, कसता येते, पण केवळ आपली आहे म्हणून वाटसरूला हाकलता येत नाही.

आणि सगळी जमीन एकाच पद्धतीने धरली पाहिजे, असेही नाही. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल गावात शेते आणि बागा खासगी होत्या, पण डोंगरावरची कुरणे सामाईक. १५१७ चा तेथला नियम असा, की हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील त्याहून जास्त गाई कोणी त्या कुरणावर पाठवू नयेत. नियम पाळला जातो की नाही, हे पाहणारे गावकरीच होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अशाच व्यवस्थांचा अभ्यास केला आणि त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सामाईक म्हटले की उजाड झालेच, हा समज त्यांच्या कामानंतर तरी आपण सोडायला हवा.

तिसरा प्रतिसाद

जुडीची कल्पना पटली, परंतु जमिनीच्या भावाविषयी कोणी बोलले नाही. रिकाम्या भूखंडाचा मालक वीस वर्षे तेथले गवतही कापत नाही. शेजारी रस्ता होतो, शाळा निघते, लोक येऊन राहतात, आणि त्याच्या जमिनीचा भाव अनेक पटींनी वाढतो. ही वाढ इतरांच्या श्रमांची आहे. लॉक यांचाच तर्क लावला तर ती त्याची होत नाही. म्हणून अमेरिकन अर्थविचारक हेन्री जॉर्ज यांनी १८७९ मध्ये सुचवले, की जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडेच राहू द्यावी, पण बांधकाम किंवा मजुरी यांवर कर न लावता जमिनीच्या मूल्यावर लावावा. त्यांच्या अनुयायी लिझी मॅगी यांनी १९०४ मध्ये एका पटावरच्या खेळाचे पेटंट मिळवले. भाडे गोळा होत होत सारा पैसा एका हाती कसा जातो, हे त्यांना त्यातून दाखवायचे होते. पुढे मोनोपॉली म्हणून घरोघरी पोचलेल्या खेळाचे मूळ त्यात आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. इतरांना बाहेर ठेवण्याचा हक्क आणि राहण्याचा हक्क मी एकच समजत होतो. ते वेगळे करता येतात, हे आता पटले. तिसऱ्या प्रतिसादातील कराबाबत मात्र एक अडचण दिसते. चाळीस वर्षे एकाच घरात राहिलेल्या, उत्पन्न थांबलेल्या वृद्ध बाईंच्या जमिनीचा भाव तिच्या कोणत्याही कृतीशिवाय वाढला आणि कर भरता येत नाही म्हणून तिला घर विकावे लागले, तर पहिल्या प्रतिसादात ज्या छपरासाठी इतका आग्रह धरला आहे, ते छप्परच आपण काढून घेतो. तो कर जमिनीवर बोजा म्हणून चढवून विक्रीच्या किंवा वारसाच्या वेळी वसूल केला, तर मूळ हेतू टिकेल का, की तोवर साचलेला बोजाच वारसांना बाहेर काढील? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे त्यांनी कृपया यावर लिहावे.