विषय: आभाराचा ईमेल एजन्सीला पाठवावा का?

स्टाफिंग एजन्सीतील (कंपन्यांना उमेदवार पुरवणाऱ्या संस्थेतील) मुलाखतीनंतर आभाराचा ईमेल पाठवणे म्हणजे लाळघोटेपणा, असे या चर्चेत आधी कोणीतरी म्हटले आहे. मला ते पटत नाही. एजन्सीचे शुल्क कंपनी देते (उमेदवाराकडेच पैसे मागणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे), आणि कंत्राटी नेमणुकीत तर पगारही एजन्सीच्याच खात्यातून होतो, त्यामुळे आपले नाव कंपनीकडे पाठवायचे की नाही हे एजन्सीतच ठरते. अंधेरीतल्या कार्यालयात दिवसभर उमेदवारांना भेटणाऱ्या रिक्रूटरला संध्याकाळी आपण आठवूच असे नाही, म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, कंपनीला जसाच्या तसा पाठवता येईल असा मजकूर लिहावा: ‘लेखापाल पदासंबंधी वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. टॅली आणि जीएसटी विवरणपत्रांचे काम मी सध्या करतो. नोटीस कालावधी ३० दिवसांचा असून लोअर परळला रोज येण्यास अडचण नाही.’ एवढे पुरे.

पुढे कंपनीत मुलाखत झाल्यास तेथील अधिकाऱ्यांचे आभारही एजन्सीमार्फतच पोहोचवावेत; परस्पर लिहिल्यास एजन्सीला डावलल्यासारखे होते, आणि त्यात पगाराचा विषय निघाला तर विचारूच नका. व्हॉट्सॲपवरचे जोडलेले हात चालतात, पण ते कंपनीपर्यंत जात नाहीत.